सालईचा डिंक गुडघेदुखीवर चालतो का, हे तपासायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते कळेल. तुम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी भागात डिंक गोळा करणाऱ्या एका गटाबरोबर काम करता. तिथली वयस्क मंडळी सालई या जंगली झाडाचा डिंक गुडघेदुखीवर दुधातून घेतात, पाय मुरगळला तर उगाळून लेप घालतात, आणि गुण येतो असं सांगतात. एका खासगी प्रयोगशाळेने तुम्हाला रॅटवरच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांवरच्या, ‘वेदनाशामक व सूजनाशक चाचणी’चं दरपत्रक पाठवलंय. एवढे पैसे घालावेत का, आणि घातले तर ‘सिद्ध झालं’ असं म्हणता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी २८ वर्षं औषधशास्त्र शिकवलं. त्यातला बराच काळ प्राणीगृहात रॅटच्या पंजांची सूज मोजण्यात गेला आणि शेवटची काही वर्षं सांधेदुखीच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत. त्या अनुभवावरून सांगते: आत्ता लगेच ते पैसे घालू नका. चाचणी वाईट आहे म्हणून नव्हे. तुमचा प्रश्न अजून तिथवर पोचलेलाच नाही.

‘हा डिंक दुखणं आणि सूज कमी करतो का?’ या एका वाक्यात तीन प्रश्न गुंतलेत. तुमच्या हातातला डिंक नक्की कशाचा आणि कसा आहे? तो सूज उतरवतो की दुखणं मारतो? आणि रॅटच्या पंजात जे दिसलं ते साठीतल्या बाईच्या गुडघ्यात दिसेल का? दरपत्रकातली चाचणी यातल्या फक्त मधल्या प्रश्नाला, तेही अर्धवट, हात घालते. बाकी बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे: डिंक कच्चा विकायचा की औषध म्हणून, पोटात घ्यायचा की वरून लावायचा, खरेदीदार कोण, हाताशी वेळ किती. त्यामुळे माझं उत्तर काही ठिकाणी ‘असं असेल तर’ या वळणाने जाईल.

सुरुवात डिंकापासून करू. मराठीत झाडातून पाझरून वाळलेल्या सगळ्यालाच आपण डिंक म्हणतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. बाळंतिणीच्या लाडवात घालतो तो बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक म्हणजे निव्वळ गोंद. तो पाण्यात विरघळतो, तुपात तळला की फुलतो. साल वृक्षाची राळ याच्या अगदी उलट. ती पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटमध्ये मात्र विरघळते. सालईचा चीक या दोहोंच्या मधला आहे. त्यात निम्म्याहून जास्त राळ, बाकी गोंद, आणि ज्याच्यामुळे त्याला वास येतो ते थोडं उडून जाणारं तेल असतं. सूज कमी करणारी म्हणून ज्यांचा सर्वात जास्त अभ्यास झालाय ती बोस्वेलिक आम्लं राळेच्या भागात असतात. गोंदाच्या भागात ती नसतात.

म्हणून पहिली परीक्षा घरीच करा. मटाराएवढे चार-पाच खडे खलात घेऊन थोड्या पाण्यात घोटा. सालईचा असेल तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. निवळ विरघळला तर तो बाभूळ-धावड्याकडचा. फुगून जेलीसारखा झाला तर बहुधा कांडोळाचा, ज्याला काही भागांत कढई म्हणतात. ही शंका मी उगाच काढत नाही. सालई आणि कांडोळ कोरड्या, खडकाळ उतारांवर शेजारी-शेजारी उभे असतात, दोघांची साल फिकी, दोघांना कागदासारखे पापुद्रे, आणि उन्हाळ्यात दोन्ही निष्पर्ण. जाणत्या माणसाची चूक होत नाही, पण पोत्यात माल एकत्र झाल्यावर जाणता माणूसही काय करणार? दुसरा खडा निखाऱ्यावर टाका. सालई धुपासारखा सुवास देत जळते. कांडोळ तसा जळत नाही.

या दोन परीक्षांनी चूक पकडता येते, शुद्धता सिद्ध होत नाही. त्यासाठी झाडाची ओळख कागदावर लागते. ज्या झाडांचा चीक काढता त्यांच्या फांद्या पानांसकट आणि फुलांसकट दाबून वाळवा आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळख पटवून घ्या. यात एक अडचण आहे. सालई फुलते ती उन्हाळ्याच्या तोंडावर, पानं गळालेली असताना. त्यामुळे फुलं एकदा आणि पानं पावसाळ्यात, अशा दोन फेऱ्या त्याच झाडाकडे कराव्या लागतात. झाडावर खूण करून ठेवा.

चीक काढल्यावर त्याचं पुढे काय करता, हेही लिहून ठेवा. ताजा चीक सोनेरी, चिकट असतो. परंपरेने तो टोपलीत महिनाभर ठेवतात, त्यातला पातळ ‘रस’ निथळून जातो आणि मग खडे उरतात. रसाबरोबर सुगंधी तेल जातं. म्हणजे एकाच झाडाचा चीक निथळण्याआधी आणि निथळल्यानंतर रसायन म्हणून दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुमची म्हातारी मंडळी ताजा चीक वापरतात की निथळलेला? परीक्षा त्याचीच झाली पाहिजे.

हे मी ठासून सांगतेय कारण माझ्याकडून ही चूक झाली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या एका प्रकल्पात आम्ही डिंक बाजारातून घेतला. पहिल्या पिशवीने रॅटची सूज छान उतरवली. काही महिन्यांनी त्याच दुकानातून दुसरी पिशवी आणली आणि परिणाम जवळपास नाहीसा झाला. आम्ही उंदरांना दोष दिला, यंत्राला दिला, मोजणाऱ्या विद्यार्थिनीलाही दिला. ती बिचारी रोज सकाळी सातला येऊन पुन्हा-पुन्हा मोजत होती. शेवटी कुणीतरी दोन्ही पिशव्यांतले खडे पाण्यात घोटून पाहिले. दुसऱ्या पिशवीत अर्धाअधिक भलताच गोंद होता. मला आजही त्या मुलीपुढे उभं राहायला अवघड वाटतं.

आता रसायनाची मोजणी. तुम्हाला कुणी ‘६५ टक्के बोस्वेलिक आम्लं’ असं प्रमाणपत्र दाखवलं तर पहिला प्रश्न विचारा: मोजलं कसं? टायट्रेशनने मोजलं असेल तर नमुन्यातलं जवळजवळ प्रत्येक आम्ल त्यात धरलं जातं, मग ते बोस्वेलिक असो वा नसो. आकडा फुगतो. एचपीएलसी या यंत्रावरच्या पद्धतीने प्रत्येक घटक वेगळा मोजता येतो. त्यातले दोन घटक मागा: केबीए आणि एकेबीए, ही बोस्वेलिक आम्लांतलीच दोन. युरोपच्या औषधकोशात सालईच्या डिंकासाठी या दोन्हींचं प्रमाण प्रत्येकी किमान १ टक्का असावं अशी अट आहे. तुमचा डिंक ती अट पुरी करतो का, हे कळलं तरी खरेदीदाराशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी ठोस असेल. उंदरांवरच्या चाचणीपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं, आणि माझ्या मते तुमचा पहिला खर्च हाच असायला हवा.

दुसरा प्रश्न मला सर्वात जवळचा आहे: दुखणं आणि सूज. बोलताना आपण ‘सूज-दुखणं’ एका दमात म्हणतो, शरीरात मात्र त्या दोन वेगळ्या घडामोडी आहेत. सूज म्हणजे जखमेच्या किंवा झिजेच्या जागी रक्तवाहिन्या सैल होणं, पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर येणं. दुखणं म्हणजे तिथल्या नसांनी मेंदूला दिलेली खबर आणि मेंदूने तिचा लावलेला अर्थ. अफू खबर दाबते, सूज तशीच राहते. उलट एखादं द्रव्य सूज हळूहळू ओसरवेल आणि दुखणं त्यामागून, आठवड्यांनी, कमी होईल.

सालईचा इतिहास याचंच उदाहरण आहे. १९७१ मध्ये मेनन आणि कर यांनी या डिंकाच्या एका विशिष्ट भागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्राण्यांमध्ये वेदनाशामक परिणाम दिसला, आणि त्याबरोबर गुंगीही. १९८६ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या सिंग आणि अटल यांनी सालई गुग्गुळाच्या, म्हणजे याच डिंकाच्या, अल्कोहोल अर्काची तपासणी मांडली. त्यात सूज ठळकपणे उतरली, कृत्रिमरीत्या आणलेल्या संधिवातातही फायदा दिसला, जठरात व्रण झाले नाहीत. वेदनाशामक परिणाम मात्र मिळाला नाही, तापही उतरला नाही. एकच झाड, एकच डिंक, आणि उत्तरं उलटी. दोन्ही गटांनी काम नीट केलं होतं. त्यांनी डिंकातून काढलेला भाग वेगळा होता. शिवाय गुंगी आलेला प्राणी चटका बसल्यावर पाय उशिरा उचलतो, आणि ते वेदनाशमन म्हणून नोंदलं जाऊ शकतं.

मग १९९२ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठात अम्मोन यांच्या गटाने दाखवलं की बोस्वेलिक आम्लं ५-लायपॉक्सिजिनेज हे विकर (एन्झाइम) रोखतात. सूज आणणाऱ्या रसायनांचे दोन मोठे कारखाने शरीरात आहेत. एक प्रोस्टाग्लँडिन बनवतो, त्याला आपल्या नेहमीच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या अडवतात. दुसरा ल्युकोट्राइन बनवतो, आणि सालईचा हात मुख्यतः तिथे पोचतो असं त्या कामावरून वाटलं. जठराच्या अस्तराचं रक्षण प्रोस्टाग्लँडिन करतात, म्हणून पहिला कारखाना बंद केला की पोट जळतं. सालईने ते तितकं का होत नाही, याचाही उलगडा त्यातून होतो. पुढच्या संशोधनात चित्र गुंतागुंतीचं झालं. परीक्षानळीत विकर रोखायला जेवढं एकेबीए लागतं तेवढं गोळी घेतल्यावर रक्तात सहसा पोचत नाही, आणि या आम्लांची इतरही लक्ष्यं सापडली. म्हणून ‘५-लायपॉक्सिजिनेज रोखतो, म्हणून गुडघा बरा होतो’ असं सरळ वाक्य पत्रकात छापू नका.

आता दरपत्रकातल्या चाचण्यांकडे. सूज मोजण्याची सर्वात रूढ चाचणी १९६२ पासूनची आहे. लाल समुद्रशेवाळापासून निघणाऱ्या कॅराजिननचं १ टक्का द्रावण, ०.१ मिली, रॅटच्या मागच्या पंजाच्या तळव्यात टोचतात. पंजा काही तास सुजत जातो. तो प्लेथिस्मोमीटरच्या नळीत बुडवून दर तासाला घनफळ मोजायचं. समजा चौथ्या तासाला औषध न दिलेल्या गटाची सूज ०.८० मिली आणि डिंक दिलेल्या गटाची ०.४८ मिली असली, तर सूज ४० टक्के कमी झाली. गणित इतकंच.

यात वेळेला अर्थ आहे. पहिल्या तास-दीड तासात हिस्टामिन आणि सिरोटोनिनचा जोर असतो, तिसऱ्या तासापासून पुढे प्रोस्टाग्लँडिनचा. म्हणून फक्त एका वेळेचा आकडा देणारा अहवाल स्वीकारू नका, तासागणिक आलेख मागा. आणि ही चाचणी मुळात डायक्लोफिनॅकसारख्या औषधांना अनुकूल आहे. ल्युकोट्राइनच्या वाटेने काम करणारं द्रव्य इथे कमी गुण मिळवतं. तुमच्या डिंकाला इंडोमेथासिनच्या, म्हणजे तुलनेसाठी देतात त्या डायक्लोफिनॅकच्या जातीच्या औषधाच्या, निम्मे गुण मिळाले तर त्यावरून ‘डिंक निम्म्या ताकदीचा’ ठरत नाही.

इथे एक सापळा आहे ज्यात मी स्वतः पडले. डिंक पाण्यात नीट मिसळत नव्हता, तोंडावाटे देताना नळी तुंबायची. म्हणून आम्ही बारीक करून रॅटच्या पोटाच्या पोकळीत टोचला. सूज इतकी उतरली की आम्ही सगळे हरखून गेलो. एका परीक्षकाने एकच प्रश्न लिहून पाठवला: प्रतिक्षोभाचं काय? म्हणजे असं, की पोटाच्या पोकळीत चिडचीड करणारं काहीही टोचलं की शरीराची सगळी धावपळ तिकडे वळते आणि पंजाची सूज आपोआप कमी होते. सुगंधी तेल असलेला कच्चा डिंक तसा चिडचीड करणाराच. आम्ही तोच प्रयोग तोंडावाटे देऊन पुन्हा केला. परिणाम उरला, पण पुष्कळ कमी. त्या वर्षाचं काम मी फाडून टाकलं नाही, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले. तेव्हापासून वनस्पतीच्या अर्काचा कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी देण्याचा मार्ग पाहते. तुमच्या दरपत्रकात तो लिहिलाय का, बघा. लोक डिंक पोटात घेतात, तर रॅटलाही तोंडावाटेच दिला पाहिजे. आणि डिंक ज्या पातळ खळीत कालवून देतात, नुसती तीच खळ कंट्रोल, म्हणजे औषध न दिलेल्या, गटालाही दिली पाहिजे.

वेदनेच्या चाचण्यांतही असेच खाचखळगे आहेत. उंदराच्या पोटात ॲसेटिक आम्ल टोचून तो किती वेळा अंग ताणतो हे मोजणारी चाचणी स्वस्त आणि संवेदनशील आहे, म्हणून सगळे तीच करतात. पण स्नायू सैल करणारं किंवा गुंगी आणणारं औषधही तिथे ‘वेदनाशामक’ ठरतं. ५५ अंशांच्या तव्यावर उंदीर पाय चाटायला किती वेळ लावतो, ही चाचणी मुख्यतः अफूच्या जातीची औषधं ओळखते. सूज कमी करून दुखणं कमी करणारं द्रव्य तिथे नापास होणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही. मला निवड दिली तर मी फॉर्मॅलिन चाचणी घेईन. तिच्यात पहिली पाच मिनिटं थेट नसेची वेदना असते आणि साधारण पंधराव्या मिनिटापासून पुढे सुजेमुळे वाढलेली. डिंक फक्त दुसऱ्या टप्प्यात काम करत असेल तर ते स्वच्छ दिसतं. सोबत फिरत्या दांडीवर उंदीर तोल सांभाळतो का, हे पाहणारी रोटारॉड चाचणी हवीच, नाहीतर १९७१ चा गुंगीचा प्रश्न तसाच राहील.

मोजणाऱ्याला कोणत्या पिंजऱ्याला काय दिलं ते माहीत नसावं, प्राणी चिठ्ठ्या टाकून गटांत वाटावेत, कमीत कमी तीन मात्रा द्याव्यात. प्रयोगशाळा केंद्राच्या प्राणीप्रयोग नियंत्रण समितीकडे नोंदलेली आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घेणारी असावी. यातलं एकही नसेल तर तिथे जाऊ नका.

एवढं सगळं सांगून मी म्हणते आहे की हे तुम्ही आत्ता करू नका. कारण साधं आहे. सालईचा अर्क रॅटची सूज उतरवतो हे ४० वर्षांपूर्वी दाखवून झालंय. तेच पुन्हा दाखवण्यासाठी काही डझन प्राण्यांना दुखवणं मला पटत नाही, आणि तुमच्या गटाच्या तुटपुंज्या पैशांनी तर मुळीच नाही. प्राण्यांवर जावं ते नवा प्रश्न असेल तर. उदाहरणार्थ, निथळलेला रस, ज्याकडे फार कुणाचं लक्ष गेलेलं नाही, तो काही करतो का? असा प्रश्न घेऊन एखाद्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाकडे गेलात तर एम.फार्म.च्या विद्यार्थ्याचा प्रबंध होऊ शकतो आणि तुम्हाला पैसेही लागणार नाहीत.

माणसांवरचं काम मात्र आपल्याच राज्यात झालेलं आहे. नागपूरला गुडघ्याच्या झिजेच्या ३० रुग्णांवर केलेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना सालईचा अर्क, निम्म्यांना दिसायला तशीच खोटी कॅप्सूल, ८ आठवडे. मग २१ दिवसांची विश्रांती आणि पुन्हा ८ आठवडे अदलाबदल करून. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. अर्क घेताना दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रेमध्ये मात्र काही फरक पडला नाही. हे शेवटचं वाक्य तुमच्या गावातल्या लोकांना जरूर सांगा. झिजलेली कूर्चा परत येते असा दावा कुणी करत असेल तर त्याला या चाचणीचा आधार नाही.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत ६६ रुग्ण होते, ६ महिने. एका गटाला ३३३ मिलिग्रॅम अर्क दिवसातून तीनदा, दुसऱ्याला व्हॅल्डेकॉक्सिब ही दुखण्यावरची गोळी. गोळीने एका महिन्यात फरक दाखवला पण ती थांबताच दुखणं परतलं. अर्काला दोन महिने लागले, आणि थांबवल्यावर महिनाभर गुण टिकला. यात कोण काय घेतंय हे उघड होतं, त्यामुळे मी तिला पहिलीपेक्षा कमी वजन देते. पण ती वाचल्यावर पहिलीबद्दलही एक शंका येते. गुण महिनाभर टिकत असेल तर २१ दिवसांची विश्रांती अपुरी नाही का? ज्यांनी आधी अर्क घेतला त्यांचा उरलेला गुण खोट्या कॅप्सूलच्या खात्यात जमा झाला असेल. तुम्ही कधी चाचणी आखलीत तर अदलाबदलीची पद्धत टाळा, दोन गट शेवटपर्यंत वेगळेच ठेवा.

कॉक्रेन ही संस्था एका विषयावरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या २०१४ च्या आढाव्यानेही या आणि अशाच इतर चाचण्या तपासल्या. रोज १०० मिलिग्रॅम समृद्ध अर्क ९० दिवस घेणाऱ्यांचं दुखणं, ० ते १०० च्या मोजपट्टीवर, खोट्या गोळीच्या तुलनेत सरासरी १७ गुणांनी जास्त उतरलं. रुग्णांची संख्या लहान होती, तरी हा फरक जाणवण्याइतका आहे. पण लक्षात घ्या, हे सगळे अर्क आहेत, ठरावीक प्रमाणाचे. तुमचा कच्चा डिंक दुधातून घेतल्यावर तेच होईल असं यावरून म्हणता येत नाही. त्याच्या बाजूने एक गोष्ट आहे: बोस्वेलिक आम्लं तेला-तुपात विरघळणारी असल्याने स्निग्ध जेवणाबरोबर रक्तात कितीतरी जास्त शोषली जातात, हे २००४ मध्ये निरोगी माणसांवर दाखवलं गेलंय. तुमची मंडळी डिंक उपाशीपोटी घेतात की जेवणाबरोबर, विचारून पाहा.

तर तुमच्यापुरता क्रम असा: झाडाची ओळख, पाण्यातली परीक्षा, एचपीएलसी, आणि मग प्राणी वगळून थेट लोकांच्या अनुभवाची शिस्तीने नोंद.

या नोंदीबद्दल सविस्तर सांगते, कारण हे तुम्ही स्वतः करू शकता. ‘गुण आला का?’ असं विचारलंत तर बहुतेक जण हो म्हणतील. गुडघ्याचं दुखणं चढतं-उतरतं असतं आणि माणूस औषधाकडे वळतो तो सर्वात जास्त दुखत असताना. त्यानंतर काहीही न करता ते थोडं कमी होणारच. त्यात प्रेमाने विचारपूस करणारं माणूस आलं की आणखी कमी. म्हणून आधी महिनाभर नुसती नोंद करा, औषधाचं नावही काढू नका. आठवड्यातून एकदा, त्याच वारी: किती वेळ उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते का, चढाच्या वाटेने पाणी आणताना किती वेळा थांबावं लागतं, आठवड्यात दुखण्याच्या किती गोळ्या खाल्ल्या. ‘दहापैकी किती दुखतं’ हा प्रश्न डोंगरातल्या आजीला परका वाटतो. थांबे आणि गोळ्या तिला अचूक आठवतात. गुडघ्याचा घेर टेपने मोजा, नेहमी सकाळी, वाटीच्या मध्यावर. दुखणं एका रकान्यात, सूज दुसऱ्या रकान्यात. पेरणी-लावणीच्या दिवसांत सुरुवात आणि हिवाळ्यात शेवट करू नका, नाहीतर कामाचा ताण उतरल्याचा गुण डिंकाला जाईल.

स्वतःहून डिंक घेणाऱ्यांची अशी नोंद ठेवणं वेगळं आणि तुम्ही लोकांना डिंक वाटून परिणाम पाहणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला नैतिकता समितीची मंजुरी, लेखी संमती आणि पहिला रुग्ण घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदणी लागते. ते एखाद्या वैद्यकीय किंवा आयुर्वेद महाविद्यालयाबरोबरच करा. आणि तिथे खोटं औषध बनवताना वासाचा विचार करा. सालईचा वास लपत नाही. ज्याच्या पुडीला वास नाही त्याला आपल्याला काय मिळतंय ते पहिल्याच दिवशी कळतं.

लेपाबद्दल थोडंच सांगते. मुरगळलेला पाय आठ-दहा दिवसांत बहुधा आपोआप सुधारतो, त्यामुळे लेपाची परीक्षा फार कठीण. थंड लेप, बांधलेलं फडकं आणि मिळालेली विश्रांती यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. काही जणांना डिंकाने कातडी लाल होते, खाज सुटते. तसं झालं तर थांबवा.

सुरक्षिततेचं मात्र तपशिलाने. पोटात घेतल्यावर मळमळ, जळजळ, पातळ शौच होऊ शकतात. गरोदर बायकांना देऊ नका. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि सोबत ताप आला, तर डिंक बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात पू झाला असेल तर दिवसांत सांधा निकामी होतो.

आणि भेसळ. बाजारातल्या ‘जडीबुटीच्या’ सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेलं सापडतं. माझ्याकडे अशा पुड्या महिनोन्‌महिने खाऊन चेहरा गोल झालेल्या, साखर वाढलेल्या बायका आल्या आहेत. वरच्या चाचण्यांत अर्काला आठवडे लागले, हे इथे उपयोगी पडतं. तुमच्या गटाच्या नावाने कुणी पुडी विकली आणि ती खाऊन तासा-दोन तासांत दुखणं गेलं असं लोक सांगू लागले, तर आनंद मानू नका. ती पुडी तपासायला पाठवा. औषध म्हणून विकायचं असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतोच, आणि प्रत्येक खेपेचा नमुना तारीख घालून राखून ठेवायची सवय आत्तापासून लावा.

दरपत्रकाला आत्ता उत्तर देऊ नका. आधी चार-पाच वेगवेगळ्या झाडांचे खडे, वेगवेगळ्या वाट्यांत, पाण्यात घोटा आणि काय झालं ते मला कळवा. सगळ्या वाट्या दुधाळ झाल्या तर एचपीएलसीसाठी नमुना कसा भरायचा ते मी लिहून पाठवते. एकाही वाटीत जेली झाली, तर आधी ते झाड शोधून काढू.